व्हिलानेल की सेस्टिना? वेगळा आकृतिबंध निवडताना

गझल हाताला बसली आहे, अभंगाचा छंद अंगात मुरला आहे आणि आता काही वेगळं लिहून पाहायचं आहे, तर आधी स्वतःला एकच विचारा: विषय फिरून फिरून तिथेच येतो, की पुढे सरकतो?

पुढे सरकत असेल तर तेर्त्सा रीमा घ्या. इटालियन कवी दान्तेने आपलं महाकाव्य याच बांधणीत लिहिलं. तीन-तीन ओळींची कडवी, यमकं कखक, खगख, गघग अशी. मधल्या ओळीचं यमक पुढचं कडवं उचलतं, त्यामुळे गोष्ट थांबत नाही. एक यमक तीनदाच लागतं, मराठीला ते सहज झेपतं.

विषय सोडत नसेल तर व्हिलानेल. 19 ओळी, यमकं दोनच. पाच त्रिपदी कडवी, शेवटी चार ओळींचं एक. पहिली ओळ 6, 12 आणि 18 व्या जागी परत येते, तिसरी 9, 15 आणि 19 व्या. म्हणजे नव्या ओळी फक्त 13. पण खरी अडचण इथेच आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे येतो-जातो-पाहतो अशी यमकं ढिगाने मिळतात आणि कविता सपाट होते. क्रियापद ओळीच्या आत घ्या, टोकाला नाम किंवा विशेषण येऊ द्या. परतणारी ओळ मात्र क्रियापदावर संपली तरी चालेल, ती दर वेळी नवं बोलली पाहिजे. ‘आता बोलायचं काही राहिलं नाही’ ही ओळ पुढे ‘आता बोलायचं. काही राहिलं नाही.’ अशी आली, की एका पूर्णविरामाने माणूसच बदलतो. मला व्हिलानेल सगळ्यांत जवळचं वाटतं ते यासाठी.

सेस्टिनात यमक नसतंच. सहा शब्द निवडायचे आणि सहा ओळींच्या सहा कडव्यांत प्रत्येक ओळ त्यांतल्याच एकावर संपवायची. क्रम दर वेळी मागच्या कडव्यातला 6, 1, 5, 2, 4, 3 असा. शेवटच्या तीन ओळींत सहाही शब्द, एकूण 39 ओळी. मराठीत इथे विभक्ती आडवी येते. ‘पाणी’ घेतलंत, तर ‘पाण्यात’ चालवायचं का? माझ्या मते नाही, शब्द जसाच्या तसा परतला तरच तो मनात घुमतो. म्हणून प्रत्ययाशिवाय वापरता येणारे, अनेक अर्थांचे शब्द शोधा: वर, पार, मान. ‘वर’ कधी दिशा, कधी नवरदेव, कधी देवाचं देणं. असे सहा शब्द सापडले नाहीत तर सेस्टिनाच्या वाटेला जाऊ नका.

आठवणींवर लिहायचं असेल तर मलय परंपरेतून आलेला पांतुमही आहे. एका कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्याची पहिली आणि तिसरी होते.

गझलकारांना रदीफची, म्हणजे शेराच्या शेवटी परतणाऱ्या शब्दांची, सवय असल्याने व्हिलानेल सोपं वाटेल. पण शेर सुटा उभा राहतो, इथे परतणाऱ्या दोन्ही ओळी शेवटी शेजारी येतात. म्हणून 18 वी आणि 19 वी ओळ आधी लिहा. त्या एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या, तरच पहिल्या ओळीकडे जा.