टॅबलेटला बाहेरचा डॅक लावून काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून माझं घरातलं सगळं गाणं ऐकणं टॅबवरच चाललंय. सेटअप साधाच आहे, अँड्रॉइड टॅब, टाईप-सी मधून यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा स्पीकरला चालणारा सिग्नल बनवणारी डबी), तिथून आरसीए केबलने अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, आणि रात्री घरचे झोपले की त्याच डॅकला हेडफोन. लॅपटॉप मुद्दाम टाळला कारण त्याचा पंखा, विलंबित ख्याल चालू असताना मागे पंखा घुर्रर्र करत असेल तर मला नाही सहन होत. आणि आधीच सांगतो, कुठला डॅक घ्यावा यावर लोक तासन्‌तास बोलतात पण टॅबला लावायचा असेल तर तो सोपा भाग आहे, खरं डोकं लावावं लागतं ते दोन गोष्टींत, सॉफ्टवेअर आणि पॉवर.

सॉफ्टवेअरचं असं आहे की यूएसबी ऑडिओ अँड्रॉइडमध्ये ५.० पासून म्हणजे २०१४ पासून आहेच, त्यामुळे डॅक जोडला की काही न टाकता आवाज येतो आणि बरेच जण तिथंच थांबतात. माझ्या डॅकवर सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने येतात ते, दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे, त्यावर बघितलं तर सीडीवरून काढलेली फ्लॅक (काहीही न गमावता लहान केलेली फाइल) लावली, जी ४४.१ किलोहर्ट्झची असते, तरी डिस्प्ले ४८ च दाखवायचा. कारण अँड्रॉइडचा मिक्सर सगळ्या अ‍ॅपचे आवाज एका पातेल्यात ओततो आणि एकाच रेटने बाहेर काढतो, गाणं, यूट्यूब, मेसेजची टिंग, सगळं. ४४.१ चं ४८ करायचं म्हणजे दर १४७ सॅम्पलच्या जागी १६० नवीन सॅम्पल हिशोब करून बनवायचे. मग एवढा चांगला डॅक घेऊन उपयोग काय?

यावर मी यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे अ‍ॅप घेतलं, पैसे देऊन घ्यावं लागतं पण पूर्ण वसूल. ते स्वतःचा ड्रायव्हर वापरतं, मिक्सरला हातच लावत नाही, ४४.१ ची फाइल ४४.१ नेच जाते आणि ९६ ची ९६ ने. आवाजात फरक आहे, तानपुऱ्याच्या जवारीत आणि तबल्याच्या चाटीत मला तो कळतो, पण खरं सांगू का, त्याहून मोठा फायदा हा की आलापीच्या मधोमध मोठ्या स्पीकरमधून व्हॉट्सअ‍ॅपची टिंग येत नाही. एक काळजी मात्र नक्की घ्या, बिट-परफेक्ट मोडमध्ये, म्हणजे फाइल जशीच्या तशी डॅककडे जाते तेव्हा, टॅबचं व्हॉल्यूम बटण चालेलच असं नाही, सिग्नल फुल जातो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब आधी खाली आणि मग प्ले. हेडफोन असेल तर दुप्पट काळजी, कानांचा प्रश्न आहे. अँड्रॉइड १४ मध्ये मिक्सर टाळायची सोय सिस्टीममध्येच दिलीय, पण प्लेअर अ‍ॅपनेही ती वापरायला हवी.

आता पॉवर. डॅक टॅबच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे एकाच पोर्टमधून गाणंही जाणार आणि चार्जिंगला जागा नाही. छोटे डोंगलवाले डॅक कमी खातात, टेबलावरचा मोठा असेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेलाच घ्या. दिवसभर लावून ठेवायचं तर पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाईप-सीवरचं जलद चार्जिंग) आत घेणारा हब लागतो, म्हणजे एका पोर्टला चार्जर आणि डॅक दोन्ही जोडणारी डबी. पहिला हब मी घेतला तो चार्जर लावला की क्षणभर सगळंच तोडायचा, डॅक गायब, गाणं बंद. बऱ्याच हबचं हे होतं कारण चार्जर आला की पॉवरची बोलणी परत पहिल्यापासून होते, म्हणून चार्जर आधी लावायचा आणि डॅक नंतर. दुसरं म्हणजे चार्जिंग चालू असताना स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू आलं तर डॅकला दोष देऊ नका, टॅबचा दोन पिनचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग यांच्यातला तो प्रकार असतो. चार्जर काढा, घूं गेलं तर कारण सापडलं. मी मन लावून ऐकायचं असेल तेव्हा सरळ बॅटरीवरच ऐकतो, आणि त्यामुळे लाइट गेली तरी हेडफोनवर गाणं चालूच राहतं, हे आमच्याकडे पावसात फार उपयोगी पडलं.

केबलचं थोडक्यात, काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, डॅक दिसत नसेल तर आधी केबल बदलून बघा. आणि डोंगल पोर्टला लटकता ठेवू नका, बोटभर लांबीची केबल मध्ये घाला, पोर्ट ढिलं झालं की दुरुस्ती महागात जाते.

आयपॅडवाल्यांचं सोपं आहे, टाईप-सीवाला असेल (प्रोमध्ये २०१८ पासून) तर सरळ जोडायचं, जुना लाइटनिंगवाला असेल तर चार्जिंगचं भोक असलेला कॅमेरा अ‍ॅडॅप्टर घ्या म्हणजे पॉवर जास्त लागते असा मेसेज येऊन डॅक नाकारला जाण्याची भानगड बरीच टळते.

ब्लूटूथ का नाही असं विचारणारे भेटतात. एलडॅक (हा डॅक नव्हे, ब्लूटूथवरून आवाज पाठवायची सोनीची पद्धत) जास्तीत जास्त ९९० केबीपीएस देतं आणि साध्या सीडीचा डेटाच १४११ असतो, आणि कॉम्प्रेस करताना ते काहीतरी सोडून देतंच. वायर लावायला मला अर्धा मिनिट लागतो. पण रेडिओवरून टेप केलेल्या जुन्या मैफली ऐकायला डॅक घेत असाल तर घाई करू नका, त्यातली टेपची खरखर डॅकने जात नाही, उलट जास्त स्वच्छ ऐकू येते. मला ती चालते, कारण त्याच खरखरीमागे गायकाने घेतलेला श्वास पण आता ऐकू येतो, पण ज्यांना त्रास होतो त्यांनी ते पैसे आधी चांगल्या हेडफोनमध्ये घालावेत.