नाना ७२, माय ६६: वय वंदना कार्ड, जनआरोग्य योजना की गावचं आरोग्य केंद्र?

पारोळ्याकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. नाना ७२ वर्षांचे, त्यांना हृदयाचा त्रास. माय ६६ वर्षांची, मधुमेह आणि गुडघेदुखी. मुलगा सुरतेला कामाला, घरी सून. या घराला तीन सरकारी सोयी लागू होतात आणि तिन्हींचं काम वेगळं आहे. पण बोलताना सगळ्यालाच ‘ते पाच लाखांचं कार्ड’ म्हटलं जातं आणि ऐन वेळी चुकीचा कागद हातात निघतो.

नानांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. पेन्शनर मास्तर असोत की शेतमजूर, नियम तोच. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. मात्र घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल, तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे धरले जातात, घरच्या बाकीच्यांच्या रकमेला हात लागत नाही. खान्देशासाठी याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे हे कार्ड राज्याबाहेरच्या, योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. नानांना मुलाकडे सुरतेला नेलं किंवा रावेरकडच्या माणसाला मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ पडलं, तरी अडत नाही.

मायला हे कार्ड मिळणार नाही, ती सत्तरीच्या आत आहे. तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत धुळे होतं. आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड चालतं आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. वयाची अट नाही. पण ही राज्याची योजना आहे. केवळ तिच्या भरवशावर मायला सुरतेच्या दवाखान्यात नेलं, तर बिल खिशातून जाईल. जळगाव, धुळे, नाशिक इकडेच पाहावं.

वय वंदना कार्ड काढताना अडतं ते असं. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा सेतू केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करताना मशीनवर बोट ठेवलं की ठसा उमटत नाही. उभं आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदणीत गेलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. चार-पाचदा बोट पुसून, दाबून सून आणि नाना परत फिरतात. परत फिरू नका, चेहरा किंवा डोळ्याची बुबुळं दाखवून ओळख पटवायला सांगा. तिसरा मार्ग ओटीपीचा, पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा असेल तर तो मोबाईल सुरतेत वाजतो. तेव्हा मुलाला फोनवर धरूनच केंद्रात जा. वय आधारवरचंच धरतात. खरं वय ७४ आणि आधारवर ६८ असेल, तर आधी शाळेचा दाखला शोधून आधार दुरुस्त करणं आलं.

जनआरोग्यमध्ये अडचण रेशन कार्डाची. भावाभावांत वाटण्या झाल्या की कार्डं वेगळी होतात. त्यात मायचं नाव जुन्या कार्डातून कमी होतं आणि नव्यात चढायचं राहून जातं. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन तिचं नाव आणि कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आजच तपासा.

रुग्णालयात पोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, भेटा. रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी ऑनलाइन मागवतं. आधी रोख भरून नंतर योजना लावायला गेलात, तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. तातडीचं असेल तर रुग्णाला आधी दाखल करा, पण नोंद त्याच दिवशी करून घ्या. काही शस्त्रक्रिया फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे ‘या दवाखान्यात योजना आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का’ असं विचारा.

आता तिसरी सोय, गावचं आरोग्य केंद्र. आमच्या मते ही सर्वांत दुर्लक्षित आणि रोजच्या जगण्याला सर्वांत उपयोगी. वरची दोन्ही कार्डं मुख्यतः दाखल झाल्यावरची आहेत. मायच्या साखरेच्या गोळ्या, नानांची रक्तदाबाची तपासणी, ओपीडीतली फेरी, यातलं काही त्यांत बसत नाही. ते काम वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाचं, तो २०१०-११ पासून आहे आणि ६० वर्षांपासून लागू होतो. आराखड्याप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी, त्यावरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा, जिल्हा रुग्णालयात रोजची ओपीडी आणि १० खाटांचा वॉर्ड, अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरभेट. प्रत्यक्षात वार कोणता, डॉक्टर त्या दिवशी असतात का, हे प्रत्येक केंद्राचं वेगळं. आशाताईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या, म्हणजे तीच गोळी दोन नावांनी दोनदा पोटात जात नाही. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी जा, आणि मे महिन्यात सकाळी लवकर.

गोळ्या मधेच सुटल्या की रक्तदाब चढतो आणि लकवा होऊ शकतो. मेंदूत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन लागतो. नंदुरबारच्या डोंगराळ अक्कलकुवा-धडगावकडून निघणाऱ्यांचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की १०८ लावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

या घराने काय करावं? नानांचं कार्ड याच आठवड्यात, मायचं रेशन कार्ड त्यासोबत, आणि दोघांची आरोग्य केंद्रातली नोंद या दोन्हींच्या आधी, कारण त्या नोंदीला यातलं कुठलंच कार्ड लागत नाही.

चष्मा, वॉकर, कंबरपट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, खात्यात एकदाच ३,००० रुपये. वस्तूचं बिल जपून ठेवा, ते समाजकल्याण विभाग मागतो. कुठे जायचं तेच कळत नसेल तर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत १४५६७ लावा, ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.