ढेकळांच्या रानात जीपीआर: ओढायचा अँटेना घ्यावा की वर धरायचा?

जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून परत आलेल्या सिग्नलवरून पुरलेली वस्तू शोधणारं रडार, त्याचा अँटेना जमिनीवरून ओढता येतो किंवा हवेत वर धरून नेता येतो. सपाट जागेवर दोन्ही चालतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. तो येतो जमीन खडबडीत असली की, म्हणजे नांगरट झालेली, ढेकळं वर आलेली, सरी-वरंबे, मध्येच गवताचे बुडखे, आणि खाली अर्ध्या-पाऊण मीटरवर काहीतरी पुरलेलं शोधायचंय. माझ्या बाबतीत तो जुना प्लॅस्टिकचा पाइप होता. मी आधी जमिनीवरून ओढायचा ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना वापरला, नंतर त्याच रानात ४० सेंटिमीटरवर धरलेला १ गिगाहर्ट्झचा हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखा अँटेना. फ्रिक्वेन्सी वेगळी आहे त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे आधीच सांगतो, पण फरक फ्रिक्वेन्सीचा नव्हता असं मला अजूनही वाटतं.

ओढायच्या अँटेनाचं जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. जमिनीला टेकलेला असला की पॉवर थेट मातीत उतरते. वर धरलेल्याचं तसं नाही, मातीचा डायलेक्ट्रिक (लहर मातीत किती मंदावते ते ठरवणारा आकडा) ९ धरला तर जातानाच पाव पॉवर पृष्ठभागावरून परत फिरते आणि वर येताना उरलेल्यातली पुन्हा पाव आतच राहते, म्हणजे खालच्या वस्तूपर्यंतचा हिशोब न धरताच निम्म्याहून जरा जास्त हातात उरतं, आणि पाऊस पडून तो २५ झाला तर तिसरा हिस्साही उरत नाही. शिवाय हवेतून मातीत शिरताना बीम आत वळून अरुंद होतो, त्यामुळे हायपरबोलाचे, म्हणजे पुरलेली वस्तू स्कॅनमध्ये ज्या कमानीसारखी दिसते तिचे, हात आखूड येतात आणि त्यावरून मातीतला वेग काढणं अवघड जातं. टेकलेल्याचे हात छान लांब पसरतात.

पण हे सगळं टेकलेला असला तर, आणि ढेकळांवर तो टेकलेला राहत नाही हीच तर अडचण आहे. ढेकळावर चढला की एक कड उचलली जाते, खाली दोन-तीन सेंटिमीटरची फट पडते, कपलिंग, म्हणजे अँटेनाची मातीशी जोडणी, बदलतं, थेट लहर (अँटेनातून सरळ रिसीव्हरकडे येणारी) आणि जमिनीची लहर मुळातच एकमेकींत मिसळलेल्या असतात त्यांचा आकारच पालटतो आणि मागे रिंगिंगचे (सिग्नल घुमत राहिल्याचे) पट्टे खालपर्यंत उतरतात. बॅकग्राउंड रिमूव्हल सरासरी ट्रेस (एका जागेवर नोंदलेला सिग्नल) वजा करतं, म्हणजे जे जागोजागी बदलतं तेच शिल्लक ठेवतं, आणि इथे सगळ्यात जास्त बदलते ती फटच. मी चार ठिकाणी झेंडे लावले, त्यातल्या दोन ठिकाणी खणल्यावर नुसती माती निघाली. परत येऊन स्कॅन पुन्हा पुन्हा पाहिला तरी खरे दोन आणि खोटे दोन यांच्यात मला फरक दाखवता येईना, कारण फट कुठे पडली याची नोंद डेटात कुठेच वेगळी नसते. खोटं टार्गेट मिळालं याचं वाईट वाटलं नाही तेवढं ते खोटं आहे हे ओळखायचा मार्गच नाही याचं वाटलं, आणि माझा निर्णय इथेच झाला.

वर धरलेल्यात चुका कमी असतात असं नाही, पण त्या दिसतात. ४० सेंटिमीटरवरून पृष्ठभागाचा परावर्तित सिग्नल साधारण २.७ नॅनोसेकंदांनी स्वतंत्र येतो, त्यामुळे प्रत्येक ट्रेसमध्ये जमीन नेमकी कुठे आहे ते कळतं. समजा अँटेना एका पातळीत नेला आणि वरंबा ५ सेंटिमीटर उंच आहे, तर त्या जागी हवेतला वेळ ०.३३ नॅनोसेकंदाने घटतो आणि मातीतला, डायलेक्ट्रिक ९ ला, १ नॅनोसेकंदाने वाढतो, म्हणजे सरळ पाइपसुद्धा तिथे तीन-सव्वातीन सेंटिमीटर खाली गेल्यासारखा दिसतो. हे आकडे माहीत असल्यामुळे ते दुरुस्त करता येतं, आणि माझा पाइप तसाच सरळ झाला.

त्याचे त्रास आहेतच. १ गिगाहर्ट्झला पावणेचार सेंटिमीटरपेक्षा मोठा उंचवटा आला की जमीन गुळगुळीत राहत नाही, सिग्नल चहूकडे विखुरतो, ४०० ला हीच मर्यादा नऊ-साडेनऊ सेंटिमीटर आहे, मात्र तिथे बारकावा जातो. वर पडलेले दगड स्वतःचे हायपरबोला काढतात, पण ते ३० सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद या हवेच्या वेगाला बसले तर वस्तू मातीत नाही एवढं तरी कळतं. आणि एकाच पट्ट्यावरून जरा वेगवेगळ्या कोनातून दोन-तीनदा गेलात तर ढेकळांचा क्लटर (नको असलेला सिग्नल) दर वेळी बदलतो, पुरलेली वस्तू बरीचशी तिथेच राहते, मला तरी याचा सॉफ्टवेअरच्या फिल्टरपेक्षा जास्त उपयोग झाला.

तुमची वस्तू मीटरभराच्या खाली असेल किंवा माती चिकण आणि ओली असेल तर ओढायचाच घ्या, वर धरलेल्याची पॉवर तिथे पुरणार नाही, आणि शक्य असेल तर आधी पट्ट्यापुरता रोलर फिरवून घ्या. बाकी उथळ कामाला माझा कल वर धरलेल्याकडे आहे. घेतलाच तर सोबत एक मोठा धातूचा पत्रा ठेवा, सुरुवातीला तो जमिनीवर टाकून एक रीडिंग घ्यायचं, पत्र्यावरून जवळजवळ सगळा सिग्नल परत येतो, त्याच्या तुलनेत जमिनीचा किती येतो त्यावरून वरच्या थराचा डायलेक्ट्रिक निघतो, अंदाजाने ९ धरावा लागत नाही. ढेकळं जास्त असतील तर हा आकडा थोडा कमी येतो, म्हणून त्यातल्या त्यात सपाट जागा बघून दोन-तीनदा घ्या.