लिपो बॅटरीसाठी चार्जर मॉड्यूल निवडताना: टीपी४०५६, एमसीपी७३८३१ आणि बीक्यू२४०७४

एका सेलची, म्हणजे ३.७ व्होल्टची लिथियम पॉलिमर (लिपो) बॅटरी एखाद्या उपकरणात बसवायची ठरली की चार्जरसाठी सहसा तीन पर्याय समोर येतात: टीपी४०५६ या चिपचे स्वस्त निळे मॉड्यूल, मायक्रोचिप कंपनीच्या एमसीपी७३८३१ वर आधारलेले छोटे बोर्ड आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२४०७४ वर आधारलेले महागडे बोर्ड. तिन्ही चिप आधी ठरावीक प्रवाह देतात, व्होल्टेज ४.२ वर पोहोचले की ते तिथेच रोखून धरतात आणि प्रवाह पुरेसा उतरला की चार्जिंग थांबवतात. मूळ काम तिन्हींचे सारखेच आहे. सुरक्षिततेत फरक पडतो तो प्रवाह किती ठरवला आहे, चार्जिंग चालू असताना उपकरणही चालू राहणार आहे का आणि बॅटरीच्या तापमानावर कोणाचे लक्ष आहे का, या तीन बाबींमुळे. किमतीचा विचार त्यानंतर करावा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो प्रवाहाच्या बाबतीत. बाजारात मिळणाऱ्या टीपी४०५६ मॉड्यूलवर बहुधा १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावलेला असतो आणि त्यामुळे चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर ठरतो. बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याइतक्या प्रवाहाला १ सी म्हणतात, म्हणजे २००० एमएएचला २ अँपिअर. त्यामुळे २००० एमएएचच्या बॅटरीला हा प्रवाह ०.५ सी, म्हणजे अगदी योग्य. ५०० एमएएचला तोच २ सी होतो आणि छोट्या घड्याळात किंवा सेन्सरमध्ये बसणाऱ्या १५० एमएएचच्या बॅटरीला ६ सी हून अधिक. सर्वसाधारण लिपो सेलसाठी १ सी ही वरची मर्यादा समजावी आणि शक्यतो त्याच्या निम्म्यावर राहावे, कारण मर्यादेबाहेरच्या प्रवाहाने ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर जमू लागतो, बॅटरी फुगते आणि अंतर्गत शॉर्टसर्किटचा धोका वाढतो. चिपला बॅटरीची क्षमता ओळखता येत नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे जोडणाऱ्याची असते. रेझिस्टर बदलून २ किलोओहमचा लावल्यास प्रवाह सुमारे ५८० मिलिअँपिअर, ५ किलोओहमला २५० आणि १० किलोओहमला १३० होतो. मात्र तो तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर काढून दुसरा बसवण्याइतका सोल्डरिंगचा हात हवा.

ज्यांना ही खटपट नको, त्यांच्यासाठी लहान बॅटरीला एमसीपी७३८३१ सरस ठरते. तिचा प्रवाह १५ ते ५०० मिलिअँपिअरच्या दरम्यानच ठरवता येतो, त्यामुळे कमाल चूक झाली तरी ती अर्ध्या अँपिअरच्या पुढे जात नाही. एडाफ्रूट या कंपनीच्या बोर्डावर मुळात १०० मिलिअँपिअर असतात आणि एक जंपर (बोर्डावरची दोन टोके जोडणारा दुवा) जोडल्यास ५०० होतात. अंतिम व्होल्टेजची अचूकताही तिची अधिक आहे: टीपी४०५६ मध्ये दीड टक्का, म्हणजे सुमारे ६३ मिलिव्होल्ट, इकडेतिकडे चालते, तर एमसीपी७३८३१ मध्ये पाऊण टक्का. सुटी चिप घेताना मात्र नावापुढचा आकडा वाचावा. ४.२ व्होल्टसाठी तो २ असतो. ३, ४ आणि ५ हे आकडे अनुक्रमे ४.३५, ४.४ आणि ४.५ व्होल्टच्या प्रकारांचे आहेत आणि साध्या लिपोला ते घातक आहेत.

टीपी४०५६ च्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगावी लागते. तिचे काही बोर्ड डीडब्ल्यू०१ए या संरक्षक चिपसह येतात आणि ते ओळखण्याची खूण म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांखेरीज ‘आउट’ अशी आणखी दोन टोके. शॉर्टसर्किट झाल्यास किंवा बॅटरी अतिरिक्त उतरल्यास हे सर्किट जोडणी तोडते. घ्यायचेच असेल तर हेच घ्यावे. बिनसंरक्षणाचे बोर्ड फक्त आतच संरक्षक सर्किट असलेल्या बॅटरीला लावावे. तरीही डीडब्ल्यू०१ए साधारण २.४ व्होल्टला जोडणी तोडते आणि लिपोच्या आयुष्याच्या दृष्टीने ती फार उशिराची वेळ आहे, म्हणून उपकरणाने स्वतःच ३ व्होल्टच्या वर बंद व्हावे, अशी सोय ठेवणे इष्ट. एमसीपी७३८३१ आणि बीक्यू२४०७४ या चिपही संरक्षक सर्किटची जागा घेत नाहीत.

चार्जिंग चालू असताना उपकरणही चालवायचे असेल, तर पारडे स्पष्टपणे बीक्यू२४०७४ कडे झुकते. पहिल्या दोन्ही चिपमध्ये उपकरण थेट बॅटरीला समांतर जोडले की त्याला जाणारा प्रवाहही चिप चार्जिंगचाच समजते. तो ठरलेल्या मर्यादेखाली उतरतच नाही, आणि बॅटरी तासन्‌तास ४.२ व्होल्टवर धरून ठेवली जाते. बीक्यू२४०७४ उपकरणाला बाहेरून येणाऱ्या विजेवर चालवते, उरलेली बॅटरीला देते आणि बाहेरची वीज कमी पडली तर बॅटरीची मदत घेते. सौर पॅनेलवर चालणाऱ्या हवामान केंद्रासारख्या कामाला, जिथे ढग आला की पुरवठा डळमळतो, याहून योग्य पर्याय या तिघांत नाही. फक्त १.५ अँपिअरपर्यंत जाणारा तिचा प्रवाह लहान बॅटरीला आठवणीने कमी करावा लागतो.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. बहुतेक लिपो सेल ० ते ४५ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच चार्ज करायचे असतात आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतली हवाच ४५ अंशांवर जाते. बंद डब्यातले तापमान त्याहून वर. एमसीपी७३८३१ ला बॅटरीचे तापमान पाहण्याची सोयच नाही. टीपी४०५६ ला त्यासाठी पिन आहे, पण स्वस्त बोर्डांवर ती ग्राउंडला (सर्किटच्या ऋण बाजूला) जोडून निकामी केलेली असते. बीक्यू२४०७४ ला १० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, लावता येतो. मात्र बोर्डावर त्याच्या जागी साधा रेझिस्टर बसवलेला असेल, तर तो काढून खरा थर्मिस्टर बॅटरीला चिकटवल्याशिवाय ही सोय कागदावरच राहते. शिवाय तिन्ही चिप जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात घालवतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ३.७ व्होल्टच्या बॅटरीला १ अँपिअर देताना चिपवर १.३ वॅट उष्णता तयार होते, म्हणून कोणतेही बोर्ड बॅटरीला टेकवून बसवू नये.

जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने कनेक्टरची धन-ऋण बाजू तपासावी, कारण दोन पिनांच्या जेएसटी कनेक्टरमध्ये सर्व उत्पादक एकच क्रम पाळत नाहीत आणि उलट जोडणी बहुतेकदा चिप जाळते. दोन सेल मालिकेत असलेल्या ७.४ व्होल्टच्या पॅकला यांपैकी एकही मॉड्यूल चालत नाही. त्याला प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे पाहणारा बॅलन्स चार्जरच हवा.