गालजीबागजवळचं लाकडी घर: अख्खा हंगाम राहून पाहिल्यावर

दक्षिण गोव्यातल्या काणकोणात कुटुंबासाठी जागा शोधत असाल, तर पाळोळे किनाऱ्याची गर्दी सोडून गालजीबागच्या बाजूला या, असं मी आता ठामपणे सांगते. नोव्हेंबर ते मे आम्ही तिघा भावंडांनी मिळून इथलं एक घर भाड्याने घेतलं होतं. शनिवार-रविवारी आळीपाळीने एकेक कुटुंब जायचं, नाताळ आणि शिमग्याला सगळे एकत्र. आई मात्र बहुतेक वेळा कोणाच्या ना कोणाच्या गाडीत असायचीच.

जांभ्याचं जोतं, त्यावर फळ्यांच्या दोन खोल्या, वर चुडतांचं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं छप्पर, पुढे छोटासा बलकांव, म्हणजे ओटा. समुद्र दिसत नाही. माडांची बाग ओलांडली की सुरूची झाडं आणि पलीकडे वाळू. या भागातली अशी घरं पावसाआधी उतरवून ठेवतात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा उभी करतात, त्यामुळे जूनमध्ये जायचा बेत कोणी करू नये. आमचंही मेअखेर उतरवलं.

फोंड्याहून मडगाव, कुंकळ्ळी, करमल घाट करत चावडी, म्हणजे काणकोणचं बाजाराचं ठिकाण, गाठायची. घाटात मुलांना उलट्या होतात, लिंबू जवळ ठेवा. रेल्वेने यायचं तर काणकोण स्टेशन आहेच. गॅस, भाजी, औषधं, सगळं चावडीलाच घ्या. पुढे एक लहान दुकान आहे, तेही दुपारी बंद. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, पाव आणि पोळी (कोंड्याचा गोल पाव) दारात मिळते. मासळीसाठी आम्ही कधी बाजारात गेलो नाही. होडीवरून येईल ते घ्यायचं: कधी बांगडे, कधी सुंगटं (कोळंबी), आणि नशीब असेल तर नदीतली कालवं. गालजीबागची कालवं या भागात नावाजलेली आहेत, आणि आई काणकोणातल्याच खोल गावच्या मिरचीत त्यांचं जे हुमण, म्हणजे कालवण, करते त्याला तोड नाही. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिचा रंग गडद येतो आणि तिखटपणा मुलांनाही सोसतो.

आता मुख्य गोष्ट. इथे घड्याळ बाजूला ठेवून भरती-ओहोटीप्रमाणे दिवस आखला, तरच ही जागा कळते. आईला आजोबांनी शिकवलेला हिशेब पाठ आहे: तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा ढोबळ हिशेब आहे, जागेप्रमाणे वेळ पुढेमागे होते, म्हणून शिंपल्या वेचायला किंवा पोहायला जाण्याआधी छापील तक्ता पाहायचाच. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून आजी पाऊणपट सांगते आणि नातवंडं पळत जाऊन पाणी कुठवर आलं ते पाहतात, हे रोजचंच होऊन बसलं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे माझ्या मुलीने कोणत्याही पुस्तकाशिवाय शोधून काढलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी थेट सुरूच्या मुळांपर्यंत येतं, आणि ओहोटीला इतकं मागे जातं की मुलांना खेळायला मैदान मिळतं. अष्टमीच्या भांगाच्या भरतीत हा फरक कमी असतो.

पोहण्याबाबत मात्र कडक राहा. किनाऱ्याच्या उत्तरेला तळपण नदी, दक्षिणेला गालजीबाग नदी. ओहोटी सुरू झाली की दोन्ही मुखांशी पाणी जोरात समुद्राकडे ओढतं. मुखापासून लांब, मधल्या भागात, कमरेइतक्या पाण्यात, आणि मोठं माणूस सोबत असतानाच मुलांना सोडायचं. हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. काही झालंच तर १०८, आणि चावडीला सरकारी दवाखाना आहे. मोठा इलाज मडगावला.

कासवांसाठी ही जागा निवडली असेल तर आधी मनाची तयारी करा. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीचे म्हणून नोंदवलेले आहेत. थंडीपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. वाळू किती गरम आहे यावर नर-मादी ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त होतात. वन खात्याची माणसं घरट्यांना जाळीचं कुंपण घालून राखण करतात.

पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचाच असतो. मागे बल्ब लावला की ती उलट दिशेने, माडांकडे चालू लागतात. म्हणून संध्याकाळनंतर आमच्या घरी बलकांवातला दिवा बंद, समुद्राच्या बाजूला जाड पडदा, आणि बाहेर जायचं तर विजेरीला लाल कागद. सुरुवातीला मुलं काळोखाला घाबरायची. जानेवारीपर्यंत तीच पाहुण्यांना मोबाईलचा उजेड बंद करायला सांगू लागली. एका पहाटे राखणदारांनी आम्हाला लांब उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना पाहू दिलं. आईने हात जोडले. एवढ्या वयात तिने हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते पाहायला मिळालं म्हणून मी घरमालकांची आणि त्या राखणदारांची मनापासून आभारी आहे. कासव दिसेलच अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. फक्त तेवढ्यासाठी एका रात्रीपुरतं येऊ नका.

उणिवाही सांगते. खारा वारा लोखंडाला खातो. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या फेब्रुवारीतच गंजून करकरू लागल्या. नव्या इन्व्हर्टरची बॅटरी मार्चपर्यंतच टिकली. दुकानदाराने बदलून द्यायला फार दिवस लावले, आणि त्या काळात वीज गेली की पंखाही गेला. गाद्या दर खेपेला उन्हात घालाव्या लागतात. विहिरीचं पाणी वापरायला चांगलं, पण प्यायला आम्ही उकळूनच घ्यायचो. पलंग बुटका आहे, गुडघे दुखणाऱ्या आईला उठताना आधार लागायचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी फळ्यांच्या खोलीत उकाडा असह्य होतो. ज्यांना जमेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीच धरावा. मोबाईलला रेंज बलकांवाच्या एका कोपऱ्यातच येते. मला त्याचं काही वाटलं नाही, पण शनिवारीही ऑफिसचं काम करणाऱ्या माझ्या भावाला ते जड गेलं.

पोहणं, मासे आणि कासवं यांतून वेळ उरला तर खोतीगावचं अभयारण्य जवळ आहे, आणि पर्तगाळचा मठ नदीकाठी आहे. आईला मठात न्यायला सकाळच बरी.

पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम आम्ही दिली आहे. मालकांकडे तीनच गोष्टी मागितल्या: पितळी बिजागऱ्या, आईच्या खोलीत उंच पलंग, आणि न्हाणीघरात धरायला एक दांडा. तिन्हीला त्यांनी होकार दिला आहे, घर उभं राहिलं की कळेल.