ट्रोपोनिन की एनटी-प्रोबीएनपी?

हार्ट अटॅकनंतर डिस्चार्जची फाइल हातात आली की कोथरूडपासून हडपसरपर्यंतचे नातेवाईक ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपीचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू लागतात. दोन्ही रक्ताच्याच तपासण्या, पण विचारतात वेगळं.

ट्रोपोनिन म्हणजे झालेल्या नुकसानीचा पंचनामा. हृदयाच्या स्नायूपेशी मेल्या की त्यांच्यातलं हे प्रथिन रक्तात उतरतं, काही तासांत चढतं आणि 7 ते 10 दिवस, कधी जास्तही, रेंगाळतं. निदानात त्याला तोड नाही. आकडा मोठा, तर साधारणपणे इजाही मोठी. पण उरलेलं हृदय किती ताणाखाली आहे, हे त्यातून नीट कळत नाही.

ते एनटी-प्रोबीएनपी सांगतं, म्हणजे ताणाखालचं हृदय रक्तात सोडतं तो पदार्थ. पुढे हार्ट फेल्युअरचा (हृदयाचा पंप कमी पडण्याचा) धोका किती, यासाठी मला तेच जास्त कामाचं वाटतं. मात्र फसवंही आहे: वय वाढलं, किडनी मंदावली तरी चढतं, आणि लठ्ठ माणसात कमी दिसतं. (किडनीच्या आजारात ट्रोपोनिनही वर राहतं, म्हणा.)

खर्चाचा प्रश्न आलाच तर अटॅकच्या रात्री ट्रोपोनिन हवंच, तेही ईसीजीच्या जोडीला. घरी सोडताना दम लागतोय, पायांवर सूज आहे, तर एनटी-प्रोबीएनपीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) राहिला असेल, तर आधी तो.