टी५ यूव्हीबी ट्यूब: खाल्लेलं अंगी न लागणाऱ्या पिल्लाबरोबर काही महिने

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू खातंय, पळतंय, पण वजन हलत नाही, असं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो यूव्हीबीचा (म्हणजे अतिनील बी किरणांचा) दिवा बदलण्याचा. माझं पिल्लू त्याच्या विणीतलं सगळ्यात लहान. त्याच्यासाठी रिफ्लेक्टरसकट यूव्हीबी देणारी लांब टी५ (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब घेतली आणि तेव्हापासून रोज वापरतोय. ट्यूब घ्याच, पण वजन वाढवायला म्हणून घेऊ नका.

फरक पडला तो हाडांत. यूव्हीबीमुळे कातडीत डी३ जीवनसत्त्व बनतं आणि त्याच्या जोरावर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. सुरुवातीला पळून थांबलं की याच्या मागच्या पायाची बोटं बारीक थरथरायची. ते हळूहळू कमी होत पूर्ण थांबलं. कॅल्शियमची पावडर मात्र चालूच आहे, कारण रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो.

वजनाचं कोडं सुटलं ते विष्ठेत. रातकिड्यांचे पाय जवळजवळ अख्खेच बाहेर पडत होते. पेटीच्या काचेवर चिकटवलेला तापमापक 40 अंश दाखवायचा, इन्फ्रारेड तापमापक ऊन खायच्या दगडावर धरला तर जेमतेम 34. सरड्याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं, ती कमी पडली तर कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. दगड उष्णतेच्या दिव्याच्या जवळ सरकवून पृष्ठभाग 40 ते 42 अंशांवर आणला (थंड बाजू 26च्या आसपासच ठेवली) आणि मग कुठे वजनकाटा हलायला लागला. काटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाराच हवा. दर आठवड्याला, खाऊ घालण्याआधी वजन करायचं. एवढ्याशा जिवाचा फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

आता ट्यूबच्या उणिवा. पेटीच्या वरच्या जाळीवर ठेवली तर बरीचशी यूव्हीबी जाळीतच अडते, म्हणून मी ती आत बसवली. काचेतून तर यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. सोबतच्या क्लिपा तकलादू निघाल्या, वेगळे हूक लावावे लागले. सगळ्यात त्रासदायक म्हणजे ट्यूब जुनी झाली की प्रकाश तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र घटलेली असते. यूव्ही इंडेक्स मीटर महाग असतो, तरी कुणाकडून मागून का होईना, एकदा मोजाच. ऊन खायच्या जागी, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स 3 ते 4 मिळायला हवा.

भावंडं एकत्र ठेवली असतील तर खरेदीच्या आधी त्यांना वेगळं करा. दांडगं पिल्लू गरम जागा अडवून बसतं आणि लहानगं कोपऱ्यात उपाशी राहतं. उष्णता, अन्न, जागा सगळं ठीक असूनही वजन उतरत असेल, तर ते पैसे विष्ठा तपासणीवर खर्च करा. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत असतील तर ट्यूबचा काही उपयोग नाही, सरड्यांवर उपचार करणारा पशुवैद्यच लागतो.

माझं पिल्लू अजूनही भावंडांपेक्षा लहानच आहे, पण वजनाची नोंद दर आठवड्याला थोडी का होईना वरच सरकते. पुढची ट्यूब याच प्रकारची घेणार, फक्त याहून लांब, म्हणजे पेटीचा निम्मा भाग तरी तिच्याखाली येईल.